वॉल्टर टल : एका धंदेवाईक फुटबॉल खेळाडूचे चरित्र
(मंडळीतील तरुणांच्या वर्गासाठी अभ्यासपाठ)

ह्या पाठाचे नाव वाचून आमच्या काही वाचकांस नवल वाटेल. फुटबॉल खेळून पोट भरणाऱ्या मनुष्याच्या चरित्रात तरुणांच्या वर्गाने शिकण्यासारखे काय असणार, असे ते विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या मनुष्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो, त्याचे बालपण एका मेथडिस्ट अनाथाश्रमात गेले. पुढे केवळ कातडीच्या रंगावरून भर मैदानात प्रेक्षकांनी त्याची निर्भर्त्सना केली. आणि तरीही त्याने हाती घेतलेले काम सोडले नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत आपल्यापैकी पुष्कळांना पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. हीच रीत दूरच्या इंग्लंडात एका खेळाडूच्या वाट्यास कशी आली, त्याला कोणी दूर लोटले व कोणी जवळ केले, हे समजून घेणे आपणांस उपयोगाचे होईल.

१. खेळ आणि धंदा

प्रथम त्या काळच्या इंग्लंडातील फुटबॉलची थोडी माहिती करून घेऊ. आज जे संघ जगभर प्रसिद्ध आहेत, त्यांतील काहींचा उगम साध्या मंडळ्यांतून झालेला आहे. बर्मिंगहॅम शहरातील एका वेस्लियन मंडळीच्या तरुणांनी १८७४ साली ॲस्टन व्हिला हा संघ काढला. लिव्हरपूल येथील एका मेथडिस्ट मंडळीतून १८७८ साली एव्हर्टन हा संघ निघाला. लंडनच्या उत्तरेस टॉटनहॅम येथे शाळकरी मुलांनी १८८२ साली एक संघ स्थापिला. त्यांना बायबल वर्ग शिकविणारे जॉन रिपशर हे त्या संघाचे पहिले अध्यक्ष झाले. हाच पुढे टॉटनहॅम हॉटस्पर ह्या नावाने प्रसिद्धीस आला.

आरंभी हे सर्व खेळाडू हौशी होते. परंतु शनिवारी दुपारनंतर गिरण्या व कारखाने बंद होऊ लागले, मजूर लोक पैसे देऊन सामने पाहावयास येऊ लागले, आणि चांगल्या खेळाडूंस गुपचूप पैसे देण्याची चाल पडली. अखेरीस १८८५ साली खेळाडूस उघडपणे वेतन देण्यास परवानगी मिळाली. १८८८ साली बारा संघ मिळून फुटबॉल लीग सुरू झाली व ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे सामने होऊ लागले. येथून धंदेवाईक खेळाडू हा एक नवाच कामकरी वर्ग उत्पन्न झाला.

ह्या वर्गाचे जिणे बाहेरून दिसे तितके मोकळे नव्हते. १९०१ पासून कोणत्याही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देता येणार नाही, असा नियम झाला. कुशल कारागिराच्या कमाईपेक्षा ही रक्कम पुष्कळ अधिक होती, हे खरे. परंतु खेळाडूचे आयुष्य दहाबारा वर्षांचे, आणि गुडघा दुखावला की तेही संपले. शिवाय खेळाडूचे नाव ज्या संघाकडे नोंदलेले असे, त्या संघाने सोडल्यावाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. संघ त्याला विकू शके; त्याला मात्र आपल्या मर्जीने निघून जाता येत नसे. वेतनाची ही मर्यादा १९६१ साली उठली, आणि खेळाडूस अडकवून ठेवण्याची ती पद्धत न्याय्य नाही असा निवाडा न्यायालयाने १९६३ साली दिला. आपली गोष्ट त्याच्या अर्धशतक आधीची आहे.

२. जन्म व बालपण

वॉल्टर टल ह्याचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी, म्हणजे लीग सुरू झाली त्याच वर्षी, केंट परगण्यातील फोकस्टन ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. त्याचे वडील डॅनियल टल हे सुतार होते. ते वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावरून इंग्लंडात आले होते, आणि त्यांच्या वडिलांनी गुलामगिरी भोगलेली होती. वॉल्टरची आई ॲलिस पामर ही केंटमधील गोरी स्त्री होती. हे कुटुंब फोकस्टन येथील ग्रेस हिलच्या वेस्लियन उपासनामंदिरात जात असे.

१८९५ साली आई वारली. वडिलांनी तिच्या नात्यातील क्लारा ह्या स्त्रीशी लग्न केले, परंतु १८९७ साली तेही वारले. सुताराच्या मागे शिल्लक ती काय राहणार! सावत्र आईच्या पदरात लेकरे पुष्कळ आणि मिळकत काही नाही, अशी स्थिती झाली. तेव्हा त्या मंडळीच्या पाळकांनी खटपट केली आणि १८९८ साली वॉल्टर व त्याचा थोरला भाऊ एडवर्ड ह्यांस लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मुलांच्या आश्रमात पाठविण्यात आले. थॉमस बोमन स्टीफन्सन ह्या मेथडिस्ट पाळकाने १८६९ साली ही संस्था काढली होती. ती आजही निराळ्या नावाने चालू आहे. त्या वेळी वॉल्टर नऊ वर्षांचा होता.

पुढे भावांचीही ताटातूट झाली. आश्रमातील मुलांचे गायकमंडळ वर्गणी जमविण्यासाठी गावोगाव फिरत असे. एडवर्डचा आवाज चांगला होता. स्कॉटलंडात ग्लासगो येथील वॉर्नक नावाच्या कुटुंबाने १९०० साली त्याला दत्तक घेतले. त्या घरी तो शिकला व दंतवैद्य झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला. तेथे तो छापखान्याचे काम शिकला आणि आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला. दोघा भावांचा लोभ मात्र शेवटपर्यंत टिकला.

येथे वर्ग घेणाऱ्या बंधूंनी थोडे थांबावे. अनाथाश्रमाने ह्या मुलाला चार गोष्टी दिल्या : पोटास अन्न, अक्षरओळख, हाताला धंदा आणि खेळावयास मैदान. ह्यांपैकी शेवटची गोष्ट पुष्कळांस क्षुल्लक वाटते. परंतु त्या मुलाचे नाव पुढे देशभर झाले ते तिच्याच योगाने.

३. हौशी खेळाडू, मग धंदेवाईक

१९०८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, वॉल्टर टल लंडनच्या पूर्व भागातील क्लॅप्टन ह्या हौशी संघात गेला. हा संघ हौशी संघांत नावाजलेला होता. त्या एकाच मोसमात, १९०८–०९ मध्ये, क्लॅप्टनने तीन मोठे करंडक जिंकले. त्यांत साऱ्या इंग्लंडातील हौशी संघांसाठी असलेला करंडकही होता. पहिल्याच वर्षी एवढे यश मिळविणाऱ्या संघातील ह्या तरुणाकडे वर्तमानपत्रांचे लक्ष गेले आणि मोठ्या संघांचेही गेले.

टॉटनहॅम हॉटस्पर संघ तेव्हा नुकताच लीगच्या वरच्या वर्गात चढला होता. १९०९ च्या उन्हाळ्यात तो दक्षिण अमेरिकेत आर्जेंटिना व उरुग्वे ह्या देशांत सामने खेळावयास गेला. टल त्या दौऱ्यावर होता, आणि त्याच वर्षी त्या संघाने त्याला वेतनावर घेतले. करार करताना नियमाने देता येत होते तेवढे दहा पौंड त्याला मिळाले, आणि वेतन आठवड्यास चार पौंड, म्हणजे तेही नियमाच्या परमावधीचे, ठरले. छापखान्यात शिकलेल्या अनाथ मुलास ही मोठी बढती होती.

१ सप्टेंबर १९०९ रोजी संडरलंड येथे तो वरच्या वर्गातील पहिला सामना खेळला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड ह्या संघाशी सामना झाला. त्या संघाने त्याच वर्षी इंग्लंडचा मुख्य करंडक जिंकलेला होता. तीस हजारांहून अधिक लोक हा सामना पाहावयास आले होते. टल हा आघाडीच्या ओळीत खेळे. तो फार वेगाने धावणारा नव्हता. पण चेंडू पायाशी शांतपणे राखावा, डोके थंड ठेवावे आणि योग्य सोबत्याकडे तो नेमका पोचवावा, ही त्याची हातोटी होती.

इंग्लंडातील तो पहिला काळा धंदेवाईक खेळाडू होता, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. त्याच्यापूर्वी आर्थर व्हार्टन हा १८८९ पासून वेतनावर खेळत होता. व्हार्टनचा जन्म १८६५ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आक्रा येथे झाला, आणि त्याचे वडील वेस्लियन मिशनरी होते. १८८६ साली इंग्लंडच्या धावण्याच्या शर्यतीत त्याने शंभर यार्डांचे अंतर दहा सेकंदांत काटले. तोही पुढे कोळशाच्या खाणीत राबला व १९३० साली गरिबीत मेला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसावयास १९९७ साल उजाडावे लागले. टलच्या आधी कोणी होते, ह्यावरून टलचा मोठेपणा कमी होत नाही. मात्र विद्यार्थ्यांस खरे तेच सांगावे.

४. ब्रिस्टल येथील प्रसंग

१९०९ च्या ऑक्टोबर महिन्यात टॉटनहॅमचा संघ ब्रिस्टल शहरी खेळावयास गेला. तेथे प्रेक्षकांतील काहींनी टलला त्याच्या रंगावरून अतिशय हीन शिव्या दिल्या. एकदा दोनदा नव्हे, तर खेळ चालू असता हे चालले. एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने ह्या वर्तनाचा कडक निषेध केला. त्या दिवशी टॉटनहॅमच्या आघाडीत टलच सर्वांत उत्तम खेळला, आणि त्याचे मन व त्याचा खेळ दोन्ही इतके स्वच्छ होते की गोऱ्या खेळाडूंनी त्याचा कित्ता गिरवावा, अशा आशयाचे त्याने लिहिले.

आता पुढे काय झाले ते पाहा. शिव्या देणारे घरी गेले व आपल्या कामास लागले. टलला मात्र त्यानंतर लवकरच राखीव संघात खेळावयास पाठविण्यात आले. त्या मोसमात लीगचे सात सामने आणि पुढच्या मोसमात तीन, असे एकंदर दहा सामने व दोन गोल, एवढीच त्याची टॉटनहॅमच्या पहिल्या संघातील नोंद आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तोच बाजूस सारला गेला, आणि ज्यांनी अन्याय केला त्यांना कोणी बाजूस सारले नाही. हे केवळ ब्रिस्टल येथेच घडते असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या पाणवठ्यावर किंवा शाळेच्या ओसरीवर तंटा झाला की, ज्याला हाकलून दिले त्यालाच, "तू आता थोडे दिवस येऊ नकोस," असे सांगणारे शहाणे सर्वत्र आढळतात. त्यांस शांतता हवी असते, पण ती दुबळ्याच्या खर्चाने.

५. नॉर्थॅम्प्टन येथील तीन वर्षे

१९११ च्या ऑक्टोबरात नॉर्थॅम्प्टन टाउन ह्या संघाने टलला विकत घेतले. त्याच्या बदल्यात टॉटनहॅमला बरीच रक्कम व एक खेळाडू मिळाला. ही खरेदी करणारे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन होते. पुढे हडर्सफील्ड व आर्सेनल ह्या संघांस वैभवास चढवून ते इंग्लंडातील सर्वांत नामांकित व्यवस्थापक ठरले. त्या वेळी मात्र ते तरुण होते व त्यांचा संघ लहान होता. मोठ्या संघाने ज्याला कोपऱ्यात ठेवले होते, त्याच्यात काय आहे हे चॅपमनने ओळखले.

नॉर्थॅम्प्टन हे जोडे तयार करणाऱ्या कारागिरांचे शहर. तेथील संघास लोक आजही 'जोडे शिवणारे' ह्याच नावाने ओळखतात, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. आमच्या वाचकांस ह्या प्रांताचे नाव दुसऱ्या कारणानेही परिचयाचे असेल. मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील सेरामपूर येथे छापून काढणारे विल्यम केरी हे ह्याच परगण्यात जोडे शिवून पोट भरत असत.

आरंभी टल येथेही आघाडीत खेळला. पुढे त्याला मधल्या फळीत जागा मिळाली, आणि तीच त्याची खरी जागा ठरली. मधल्या फळीतील खेळाडूचे काम दुहेरी असते : प्रतिपक्षाचा हल्ला अडवावयाचा आणि चेंडू हाती लागताच आपल्या आघाडीस तो पुरवावयाचा. गोल करून टाळ्या घेण्याची संधी त्याला क्वचित येते. म्हणून नॉर्थॅम्प्टनसाठी त्याने केलेले नऊ गोल थोडे वाटले, तरी त्याची योग्यता पाहावयाची ती दुसऱ्या आकड्यावरून. तो त्या संघासाठी १११ सामने खेळला. वर्षामागून वर्षे, चिखलात व थंडीत, ज्याच्यावर विश्वास टाकता येतो अशाच खेळाडूस इतक्या वेळा निवडले जाते.

मनुष्य तोच, पाय तेच, कातडी तीच. एके ठिकाणी दोन वर्षांत दहा सामने व दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षांत १११. हे दोन आकडे विद्यार्थ्यांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

६. महायुद्ध

१९१४ च्या ऑगस्टात युरोपात महायुद्ध पेटले. देश लढाईत असता धडधाकट तरुण पैशासाठी चेंडू खेळतात, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा डिसेंबरात मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी पलटण खास फुटबॉल खेळाडूंसाठी उभारण्यात आली. टलने २१ डिसेंबर १९१४ रोजी तीत नाव दिले. १९१५ च्या नोव्हेंबरात तो फ्रान्सला गेला. तोपर्यंत तो सार्जंटच्या हुद्द्यास चढला होता.

युद्धात त्याला काही सोसावे लागले नाही असे समजू नये. तोफांच्या अहोरात्र माऱ्याने त्याच्या मनावर आघात झाला व १९१६ च्या मे महिन्यात त्याला उपचारासाठी परत पाठवावे लागले. बरा होऊन तो पुन्हा फ्रान्सला गेला, सोम नदीच्या भयंकर लढाईत लढला, आणि त्या हिवाळ्यात खंदकांतील तापाने आजारी होऊन पुन्हा परतला.

त्यानंतर स्कॉटलंडात त्याला अधिकाऱ्याचे शिक्षण देण्यात आले, आणि १९१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस तो सेकंड लेफ्टनंट झाला. ही गोष्ट का विशेष, ते सांगितले पाहिजे. त्या काळच्या लष्करी नियमांप्रमाणे अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच असावा लागे. काळ्या मनुष्याने गोऱ्या शिपायांस हुकूम द्यावा, हे नियम करणाऱ्यांस सहन होणारे नव्हते. असे असता टलच्या वरिष्ठांनी त्याची शिफारस केली, कारण खंदकात त्यांनी त्याचे काम डोळ्यांनी पाहिले होते. ब्रिटिश पायदळात अधिकारी झालेल्या अगदी आरंभीच्या काळ्या पुरुषांपैकी तो एक होय.

पुढे त्याची पलटण इटलीत गेली. १९१८ च्या जानेवारीच्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत, त्याने सव्वीस शिपायांस घेऊन रात्री वेगाने वाहणारी पियावे नदी ओलांडली, शत्रूच्या मुलखात जाऊन नेमलेली कामगिरी केली, आणि सर्वांस सुखरूप परत आणले. त्याच्या शौर्याची व थंड डोक्याची त्याच्या डिव्हिजनचे सेनापती सिडनी लॉफर्ड ह्यांनी लेखी प्रशंसा केली. खेळात दिसणारा त्याचा गुण येथेही दिसून आला.

मार्च महिन्यात पलटण पुन्हा फ्रान्सला आली. जर्मनांनी मोठा हल्ला चढविला होता व इंग्रज सैन्य मागे हटत होते. २५ मार्च १९१८ रोजी फाव्रई गावाजवळ टल गोळी लागून पडला. त्याचे शिपाई त्याला टाकून निघेनात. त्यांतील बिलिंगहॅम नावाचा शिपाई पूर्वी लेस्टरच्या संघाचा गोलरक्षक होता. त्याने भर गोळीबारात त्याला उचलून आणण्याचा प्रयत्न केला, परंतु शत्रू अगदी जवळ येऊन ठेपला. टलचा देह पुढे सापडला नाही. एकोणतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. कबर नसलेल्या सुमारे पस्तीस हजार सैनिकांची नावे आरास येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत त्याचे नाव आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षे लोकांस त्याचा विसर पडला. १९९९ साली नॉर्थॅम्प्टन येथे संघाच्या मैदानाजवळ त्याचे स्मारक उभारण्यात आले, आणि २०१८ साली, त्याच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रिटनच्या टपालखात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले.

७. ह्या चरित्रापासून काय घ्यावे

हा पाठ शिकविताना दोन चुका होण्याचा संभव आहे. त्यांविषयी आम्ही वर्ग घेणाऱ्यांस सावध करू इच्छितो.

पहिली चूक अशी की, "पाहा, टलने किती निमूटपणे सोसले, तुम्हीही निमूटपणे सोसा," एवढेच सांगून पाठ संपवावा. टलने सोसले हे खरे. पण त्याने सोसले म्हणून शिव्या देणे योग्य ठरत नाही, आणि ऐकून गप्प बसणेही योग्य ठरत नाही. त्या बातमीदाराने लेखणी उचलली. तो गप्प बसता तर त्या दिवसाची साक्ष आज आपणांपर्यंत पोचली नसती.

दुसरी चूक ह्याहून बारीक आहे. "टल इतका उत्तम खेळाडू व इतका शूर अधिकारी होता, तरी त्याचा अपमान झाला," असे आपण म्हणतो, तेव्हा तो सामान्य खेळाडू असता तर अपमान चालला असता, असे नकळत सुचवितो. हे बरोबर नाही. ज्या दिवशी तो नऊ वर्षांचा पोरका मुलगा म्हणून आश्रमाच्या दाराशी उभा होता, त्या दिवशी त्याने एकही गोल केलेला नव्हता. तरी आश्रमाने त्याला आत घेतले. माणसाचा मान त्याच्या पराक्रमाचे बक्षीस नव्हे. तो त्याला माणूस म्हणूनच मिळावयास पाहिजे. पराक्रम दिसतो तो त्यानंतर, आणि तोही संधी मिळाली तर.

टलच्या आयुष्यात प्रत्येक वळणावर कोणीतरी असा मनुष्य भेटला की ज्याच्या हाती काही अधिकार होता व ज्याने तो चांगल्या रीतीने वापरला : फोकस्टनचा पाळक, आश्रमाचे चालक, चॅपमन, आणि शिफारशीवर सही करणारे लष्करी वरिष्ठ. ह्यांनी काही अलौकिक कृत्य केले नाही. आपापल्या कामात समोरच्या मनुष्याचा रंग न पाहता त्याचे काम पाहिले, इतकेच. आमच्या वाचकांत कोणी शाळामास्तर आहेत, कोणी पंच आहेत, कोणी मुकादम आहेत, कोणी मंडळीचे वडील आहेत. एवढा अधिकार प्रत्येकाच्या हाती असतोच.

वर्गासाठी प्रश्न

१. धंदेवाईक खेळाडूस १९०९ साली कोणते दोन नियम बांधून ठेवीत असत? त्यांचा फायदा कोणास होत असे?
२. टॉटनहॅमचे दहा सामने व नॉर्थॅम्प्टनचे १११ सामने, ह्या फरकावरून काय दिसून येते?
३. मधल्या फळीतील खेळाडूच्या कामासारखे, ज्याला टाळ्या मिळत नाहीत पण ज्यावाचून चालत नाही, असे काम आपल्या गावात कोण करतो?
४. इशायाच्या घरी शमुवेल गेला तेव्हा प्रथम त्याची नजर कोणावर ठरली, व शेवटी कोणाला रानातून बोलावून आणावे लागले? (१ शमुवेल, अध्याय १६.) त्या गोष्टीशी ह्या पाठाचा कोणता संबंध दिसतो?
५. आपल्या शाळेत, विहिरीवर किंवा मंडळीत कोणी बाजूस सारला गेला आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्यासाठी आपण कोणते एक काम करू शकू?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात तोंडी न घेता प्रत्येकाने आठवडाभरात कृतीने द्यावे, अशी आमची सूचना आहे.